माठाखालचा दगड

आमच्या सरांमुळे शेजारच्या गल्लीतलं एक जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलीच्या वडिलांनी त्यांना चहापोह्यांना नेलं ते केवळ वजन पडावं म्हणून. कॉलेजातले फिजिक्सचे सर शेजारी बसलेले बरे दिसतात. मुलाचे मामा म्हणाले, "आमचा मुलगा अगदी निर्व्यसनी आहे." सर पोह्यांतला शेंगदाणा बाजूला काढत म्हणाले, "कशावरून?"

त्यांना काही सुचवायचं नव्हतं. ते विचारल्याशिवाय त्यांना श्वासच घेता येत नसे. भाजीवाली म्हणाली मेथी ताजी आहे, कशावरून. डॉक्टर म्हणाले दोन दिवसांत बरं वाटेल, कशावरून. पण मामांना हे ठाऊक नव्हतं. ते आधी गडबडले, मग चिडले, आणि चिडण्याच्या भरात "नुसता गुटखा खातो, त्याला व्यसन म्हणतात का?" असं बोलून बसले. मुलीच्या आईनं पुढं कित्येक वर्षं सरांना संक्रांतीचा तिळगूळ घरपोच पाठवला.

अशा माणसाच्या हाताखाली मी पीएच.डी.ला लागले. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. बाबा गवंडीकाम करायचे. त्या वर्षांत औरंगाबाद चहूकडं पसरत होतं, शेंद्र्याला कारखान्यांचे शेड उठत होते, त्यामुळे पाऊस नसला तरी बाबांच्या हाताला काम होतं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी रात्रंदिवस काय वाचते ते त्यांना कळत नसे. "पोरगी दगडाचा अभ्यास करती," असं ते कामावर सांगत, आणि बाकीचे गवंडी म्हणत, "मग आमी काय करतो?"

सरांचा विषय स्फटिक. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे, गुलाबी, कधी हिरवट स्फटिक वाढलेले असतात. त्या स्फटिकांच्या आत, अणूंच्या मधल्या जागांत, पाणी बसलेलं असतं. ते नेमकं कुठं बसलं आहे आणि कशाला धरून, हे क्ष-किरणांनी शोधायचं, एवढंच सरांनी आयुष्यभर केलं. वेरूळला लोक लेणी बघायला जातात. सर लेण्यांकडं पाठ करून वाटेच्या कडेचा कातळ भिंगानं बघत बसत. घृष्णेश्वराच्या देवळात खडीसाखरेचा प्रसाद हातावर पडला, तर तोही उजेडाला धरून भिंगाखाली. पुजारी एकदा वैतागून म्हणाले, "अहो, प्रसाद खायचा असतो, तपासायचा नसतो." सरांनी तो खाल्ला आणि कोन छान आहेत म्हणून आणखी मागितला.

पाणी नाही म्हणून लोक विहिरी खणत होते आणि घरं हवीत म्हणून पाये. दोन्हींतून दगड वर येत होता. दुष्काळ आणि बिल्डर यांनी सरांच्या संशोधनाला जेवढी मदत केली, तेवढी कुठल्या अनुदान समितीनं केली नाही. खोदकामावरचे लोक त्यांना ओळखत. जेसीबीवाला लांबूनच ओरडायचा, "सर, आज क्या माल निकला देखो! पूरा काँच के जैसा. सेठ को नक्को बोलो, इधरीच छुपा के रखा मैं." सर तो माल जेवणाच्या डब्यात घालून घरी आणत. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, एकदा तो डबा माझ्यासमोर उघडला. "बघ. लोकांचे नवरे येताना जिलेबी आणतात."

काकूंचा राग रास्त होता. सर रचनेचे नमुने करायचे तेही घरातल्याच वस्तूंचे. झाडूचे हीर म्हणजे बंध आणि भिजवलेले हरभरे म्हणजे सिलिकॉनचे अणू. एकदा एवढा मोठा नमुना केला की तो टेबलावर मावेना, म्हणून ओलं फडकं टाकून स्वयंपाकघरात ठेवला. दोन दिवसांनी सगळ्या सिलिकॉनला मोड आले. त्या रात्री काकूंनी त्याची उसळ केली. सर जेवताना म्हणाले की चव चांगली आहे, पण सममिती गेली.

आमचं क्ष-किरणांचं यंत्र माझ्यापेक्षा वयानं मोठं होतं. केसाएवढ्या काचेच्या काडीवर स्फटिकाचा कण चिकटवायचा, त्याच्यावर किरण सोडायचे आणि मागच्या फिल्मवर ठिपके उमटायची वाट बघायची. एका फिल्मला दोन-दोन दिवस लागत. तेवढा वेळ यंत्राच्या नळीतून थंड पाणी अखंड वाहायला हवं, नाहीतर नळी वितळून जाणार. आणि शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा.

यातून वाट काढली प्रयोगशाळेतल्या चाचांनी. ते शिपाई होते, पण यंत्राला त्यांच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी मागच्या वसाहतीतल्या बायकांशी सौदा केला. टँकर आला की त्यांनी चार घागरी वर आमच्या टाकीत ओतायच्या, आणि यंत्रातून गरम होऊन आलेलं तेच पाणी खालच्या पिंपातून घेऊन जायचं. धुण्याला, अंघोळीला आयतं कोमट पाणी. महिनाभरात बातमी पसरली की हे एक्सरेचं पाणी आहे आणि ते गुडघ्याला चांगलं. रांग वाढली.

सरांना हे सहन होईना. किरण पाण्याला लागतच नाहीत, हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून रांगेला समजावलं. मग रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींना विचारलं, "तुमचा गुडघा बरा झाला म्हणता, कशावरून?"

आजी म्हणाल्या, "चालत आले ना तुमच्यापत्तुर, त्याच्यावरून."

सरांनी खडू खिशात टाकला. ते आत येऊन मला म्हणाले, "बाईंकडं पुरावा आहे." ते मला, आजींना, सगळ्यांना "बाई" आणि "तुम्ही"च म्हणत.

आता त्या दगडाची गोष्ट. शेंद्र्याच्या एका शेडच्या पायातून एक मोठा, आतून पांढराशुभ्र दगड आला. सरांनी त्याचे दोन तुकडे केले. लहान तुकड्यातले स्फटिक काडेपेटीत घालून टेबलाच्या खणात ठेवले. दुसऱ्या तुकड्याचं पुढं काय झालं याची चौकशी कुणी केली नाही. उन्हाळाभर काडेपेटी खणात राहिली आणि मग आम्ही त्यातला एक कण यंत्रावर चढवला. ठिपक्यांवरून हिशोब मांडला तर जिथं पाणी असायला हवं अशा जागांपैकी एक जागा चक्क रिकामी! सरांनी तीनदा तपासलं. मी चारदा. हा स्फटिकाचा नवा प्रकार होता. आजवर सरांचे निबंध म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेल्या घरात खिडकी कुठं आहे ते सांगणारे. हे घरच त्यांचं स्वतःचं होतं. निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला आणि सरांनी त्याची प्रत टेबलाच्या काचेखाली सरकवली. स्वतःचं काही काचेखाली ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

कॉलेज हरखून गेलं. विभागप्रमुखांनी सत्कार ठरवला आणि सरांची प्रोफेसरपदाची फाइल, जी बरीच वर्षं कपाटात झोपली होती, ती उठून बसली. माझा अख्खा प्रबंध याच नव्या प्रकारावर होता. चार प्रकरणं लिहून झाली होती, मार्चमध्ये फेलोशिप संपणार होती आणि एका कॉलेजात व्याख्यात्याची जागा निघणार अशी कुणकुण होती.

पाचव्या प्रकरणासाठी आणखी एक स्फटिक हवा होता. काडेपेटीतल्या जवळजवळ सगळ्यांचा तोवर चुरा झाला होता. मी चाचांना दुसऱ्या तुकड्याबद्दल विचारलं.

"वो तो माठ के नीचे है," चाचा म्हणाले. "माठ हिलता था ना, तो मैं लगा दिया."

प्रयोगशाळेतला पिण्याचा माठ एका बाजूला कलत होता आणि चाचांनी त्याला शेंद्र्याच्या दगडाचा टेकू दिला होता. वर्षभर माठ त्याच्यावर पाझरत होता. मी त्यातला कण काढला, यंत्रावर चढवला, फिल्म धुतली. ठिपके निराळे होते. हिशोब केला. रिकामी जागा रिकामी नव्हती. तिथं पाणी होतं, पुस्तकातल्यासारखं शांत बसलेलं.

मला समजायला एक क्षणही लागला नाही. हा दगड तापवला की पाणी सोडतो, हे कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं. पण आमची खोलीच तवा झाली आहे हे सरांच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ज्या परदेशी पंडितांनी निबंध तपासला, त्यांच्या खोल्यांत उन्हाळ्यातही हवा ओली असणार. आमचा नवा प्रकार म्हणजे खणात वाळलेला जुनाच दगड होता.

मी ती फिल्म आठ दिवस लपवली. हे लिहिताना आजही लाज वाटते. रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज बाबांचा चेहरा समोर यायचा. नवव्या दिवशी सांगितलं, कारण झोप लागेनाशी झाली होती.

सर फिल्म घेऊन खिडकीशी गेले. ती उजेडाला धरून म्हणाले, "कशावरून?"

मग आम्ही दोघांनी अदलाबदल केली. माठाखालचा स्फटिक पत्र्यावर उन्हात ठेवला आणि काडेपेटीतला वाचलेला एक धड कण पाण्याच्या थेंबासकट बारीक काचेच्या नळीत बंद केला. चाचांनी रांगेतल्या बायकांकडून जादा घागरी ओतून घेतल्या आणि यंत्र चार दिवस बंद पडू दिलं नाही. वाळवलेल्याचं पाणी गेलं होतं. भिजवलेल्याचं परत आलं होतं. सर हसत सुटले. "दगड नवा नाही, बाई. उन्हाळा आपला जुनाच आहे!" मला इतकं हलकं वाटलं की मीही हसले. काचेखालची निबंधाची प्रत दुसऱ्या दिवशी तिथं नव्हती.

सत्कार मात्र तोंडावर आला होता. विभागप्रमुख म्हणाले, "सत्कार होऊ द्या हो, चूक नंतर काढू." सरांनी मान डोलावली, तेव्हाच मला शंका आली. संस्थेच्या अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. सर माईकसमोर उभे राहिले. "ज्या शोधासाठी आपण ही शाल दिलीत, तो चुकीचा आहे. आमच्या खणात दगड वाळला होता. त्यातलं पाणी या बाईंनी शोधून काढलं." आणि त्यांनी शाल घडी करून अध्यक्षांच्या हातात दिली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "हा विनय पाहा!" आणि शाल पुन्हा घातली. सरांनी पुन्हा सांगितलं की विनय नाही, चूक आहे. आणखी टाळ्या. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात मथळा होता, दगडात पाणी सापडले.

त्याच दुपारी शेंद्र्यापलीकडून एक गृहस्थ पोतंभर दगड घेऊन एसटीनं आले. "सर, ह्यातलं पानी काढून द्या." सरांनी त्यांना हाकललं नाही. एक खडा परीक्षानळीत घालून तापवला. काचेवर एक थेंब जमला. गृहस्थांनी तो निरखून पाहिला. "येवढंच व्हय? पोतं उचलताना मह्या अंगातून याच्याहून जास्त निघालं." सर म्हणाले की त्यांचं बरोबर आहे, आणि त्यांना चहा पाजून बसमध्ये बसवून आले.

पेपरातली हवा विरली, पण विभागप्रमुखांना चूक समजली होती. सरांच्या फाइलवर "सध्या थांबावे" असा शेरा पडला आणि ती थांबली ती सर निवृत्त होईपर्यंत. माझी फेलोशिप संपली. मी सकाळी शिकवण्या घेऊन दिवसा प्रबंध नव्यानं लिहू लागले. तिथं मात्र माझा हात चालेना. मार्गदर्शकाचं चुकलं असं लिहायचं कसं? मी इंग्रजीत "किंचित तफावत" अशा अर्थाचा एक गुळगुळीत शब्द शोधून काढला होता. सरांनी तो लाल शाईनं खोडून वर "चूक" लिहिलं. मी "आदरणीय मार्गदर्शकांच्या कार्यात अल्पशी भर" असं लिहिलं. त्यांनी तेही खोडलं. शेवटी प्रबंधात सगळं नीट लिहिलं गेलं, पण ते त्यांच्या हातानं. माझ्या तोंडून एकदाही नाही.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला आणि नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी सुटलं. पाणी सोडून फिजिक्स ऐकायला कोण येणार? सभागृहात पहिल्या रांगेत परीक्षक, विभागप्रमुख आणि सर. मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या, आणि अगदी शेवटच्या बाकावर इस्त्रीचा सदरा घातलेले बाबा. शेजाऱ्यांना पाणी भरायला सांगून ते आले होते.

परीक्षक नागपूरचे, बारीक आवाजाचे. मी सगळं मांडून झाल्यावर त्यांनी इंग्रजी बाजूला ठेवलं. "तुमचा प्रबंध तुमच्या मार्गदर्शकांनी छापलेला निष्कर्ष खोटा ठरवतो. मग चूक कुणाची?"

"सर, त्या वर्षी हवा फारच कोरडी होती."

"त्या निबंधावर हवेची सही नाही."

"सर, तेव्हाची परिस्थिती..."

"परिस्थितीचीही नाही."

विभागप्रमुख खाकरले. "आपल्याकडं गुरूंच्या बाबतीत असं थेट..."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "हे पाहा, चूक हिच्या प्रबंधात लिहिलेली आहे. पण ती हिला म्हणता येत नाही. उद्या हिला आणखी कुणाची चूक दिसली, तर ही सांगेल याच्यावर मी सही कशी करू?"

मी सरांकडं पाहिलं. मार्गदर्शकानं बोलायचं नसतं. ते उठले. विभागप्रमुखांना वाटलं, आता ते माझी बाजू घेणार. सरांनी खुर्ची उचलली, ती उलटी फिरवली आणि माझ्याकडं पाठ करून, रिकाम्या बाकांकडं तोंड करून बसले.

मला त्यांचं टक्कल दिसत होतं आणि काकूंनी उलटवून शिवलेली कॉलर. तोंड दिसत नव्हतं. "सरांची," मी म्हणाले. "सरांनी स्फटिक उन्हाळाभर उघडा ठेवला आणि खोलीतली हवा मोजली नाही. सरांचं चुकलं."

खुर्चीतून आवाज आला, "मार्गदर्शकाला मान्य आहे. लिहून घ्या."

परीक्षकांनी टोपण काढलं आणि सही केली.

मला उडी मारावीशी वाटत होती. एवढ्यात शेवटच्या बाकावरून बाबा उठले, तरातरा पुढं आले आणि सरांसमोर हात जोडून उभे राहिले. "सर, लेकराला माफ करा." सरांनी त्यांचे हात धरले, तिचं काही चुकलं नाही म्हणाले, आणि पेढे कुठं आहेत म्हणून विचारलं. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी चालत जाताना मी बाबांवर चिडले. "मी पास झाले, बाबा! माफी कसली मागितलीत? तोंडावर म्हणायला मला जड जाऊ नये म्हणून सरांनी खुर्चीसुद्धा फिरवली, आणि तुम्ही..."

"पास झाली ते कळलं मला," बाबा म्हणाले. "पर तू पाठीकडून बघत व्हतीस. तोंड मह्याकडं व्हतं त्यांचं."

"रडत होते?"

"नाय, रडत नव्हते." बाबा थोडं चालले. "भिंत वाकडी निघाली की मिस्तरीला आपल्या हातानं पाडावी लागती. पाडायलाच पायजे, त्यात वाद नाय. पन पाडून झाल्यावर मानूस घडीभर तिथंच बसतो. तसं बसले व्हते. म्हून हात जोडले म्या."